'फर्निश करा' म्हणजे नेमकं काय करा?

या खेपेच्या टपालात सात पत्रं एकाच इंग्रजी क्रियापदाभोवती फिरणारी निघाली. बँकेचं पत्र, कोर्टाचा आदेश, भरतीची सूचना, भाड्याच्या खोलीची पाटी असे कागद वेगवेगळे, पण अडलेला शब्द एकच, 'फर्निश'. म्हणून या अंकातली सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : बँकेकडून इंग्रजीत पत्र आलं. त्यात 'यू आर रिक्वेस्टेड टू फर्निश द फॉलोइंग डॉक्युमेंट्स विदिन फिफ्टीन डेज फ्रॉम द रिसीट ऑफ धिस लेटर, फेलिंग विच युअर अॅप्लिकेशन विल बी ट्रीटेड अॅज क्लोज्ड' असं लिहून आहे. खाली चार कागदांची यादी आहे. गावातला एक पोरगा म्हणते, बँक फर्निचर मागून राहिली. दुसरा म्हणते, केस फेल झाली. खरं काय समजावं?
— एक कास्तकार, तालुका दारव्हा

उत्तर : बँकेला खाट-खुर्ची नको आहे आणि तुमचं प्रकरण फेलही झालेलं नाही. 'फर्निश' म्हणजे जे मागितलं आहे किंवा ज्याची गरज आहे ते पुरवणं, समोरच्याच्या हाती देणं. कागद असतील तर मराठीत आपण 'सादर करणे' म्हणतो, माहिती असेल तर 'पुरवणे' किंवा नुसतं 'देणे', आणि जामीनदार असेल तर 'जामीन देणे'. इंग्रजीत या तिन्हींना एकच शब्द चालतो.

पहिल्या पोराचा अंदाज अगदीच हवेतला नाही. 'फर्निश' आणि 'फर्निचर' ही एकाच घरची लेकरं आहेत. जुन्या फ्रेंचमधल्या पुरवणे, पूर्ण करणे अशा अर्थाच्या क्रियापदापासून दोघंही आले. फ्रेंचमध्ये 'फर्निचर'च्या जोडशब्दाचा अर्थ आजही पुरवठा, सामान असाच आहे, शाळेच्या वह्या-पेन्सिलींनाही तिकडे तोच शब्द लावतात. इंग्रजीत मात्र तो घरातल्या टेबल-कपाटापुरता आखडला आणि क्रियापदाने जुना, मोठा अर्थ धरून ठेवला.

दुसऱ्या पोराला 'फेलिंग विच'ने फसवलं. तिथे नापास होण्याचा काही संबंध नाही. 'फेलिंग विच' म्हणजे 'तसं न केल्यास'. तुमचं वाक्य सरळ मराठीत असं होतं : हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत खालील कागद सादर करावेत, न केल्यास तुमचा अर्ज बंद झाला असं समजलं जाईल. 'रिक्वेस्टेड' शब्द नरम आहे, काही पत्रांत तिथे 'रिक्वायर्ड' किंवा 'डायरेक्टेड' असतो. पण नरम शब्द पाहून मुदत नरम आहे असं समजू नका. पुढे 'फेलिंग विच' आलं की विनंतीसुद्धा हुकमासारखीच वाचायची.

आता तारखा. 'फ्रॉम द रिसीट' म्हणजे पत्र हाती पडल्यापासून. कायद्यात मुदत मोजताना पहिला दिवस सोडून देतात, तीच रीत इथे लावा. पत्र १० तारखेला मिळालं तर ११ तारीख हा पहिला दिवस आणि २५ तारीख शेवटचा. पण पत्रात 'फ्रॉम द डेट ऑफ धिस लेटर' असेल तर हिशेब बदलतो. पत्रावर ३ तारीख आहे आणि ते तुम्हाला १० तारखेला मिळालं, तर मुदत १८ लाच संपते, म्हणजे हाती फक्त ८ दिवस. पाकीट फेकू नका, टपालाचा शिक्का किंवा स्पीड पोस्टचा ट्रॅकिंग क्रमांक हाच पत्र कधी मिळालं याचा पुरावा असतो.

कागद द्यायची पद्धत यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. कास्तकार काउंटरवर कागद देऊन घरी येतो, महिनाभराने बँक म्हणते कागद आलेच नाहीत, आणि हाती काहीच नसतं. म्हणून एक साधं पत्र लिहा, मराठीत लिहिलं तरी चालतं. त्यात बँकेच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख टाका, मग १, २, ३, ४ असे क्रम देऊन कागदांची नावं लिहा आणि प्रत्येकाची पानं किती तेही लिहा. त्याच्या दोन प्रती काढा. एक बँकेत द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का मिळेपर्यंत काउंटर सोडू नका.

'फर्निश द डॉक्युमेंट्स' एवढंच लिहिलेलं असेल आणि 'ओरिजिनल' हा शब्द नसेल, तर प्रती द्यायच्या, प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही करून. सात-बारा आणि आठ-अ देताना एक गोष्ट पाहा. संकेतस्थळावर फुकट दिसणारा सात-बारा फक्त पाहण्यासाठी असतो, कार्यालयात चालत नाही. तलाठ्याच्या सहीचा किंवा १५ रुपये भरून काढलेला डिजिटल सहीचा सात-बारा द्यावा.

चारपैकी एक कागद, समजा सोसायटीचा नो ड्यूज म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला, मुदतीत मिळणार नसेल तर बाकी तीन अडकवून ठेवू नका. तीन द्या आणि चौथ्यासाठी त्याच पत्रात मुदत मागा, पण मुदत संपायच्या आधी. इंग्रजीत लिहायचं झालं तर एवढं पुरतं : 'आय हॅव फर्निश्ड थ्री डॉक्युमेंट्स टुडे. प्लीज ग्रँट मी टेन डेज टू फर्निश द फोर्थ.'

प्रश्न : नववीच्या मुलांनी अर्जलेखनात 'प्लीज फर्निश अस द सर्टिफिकेट' असं लिहिलं. मी चूक दिली, तर मुलं म्हणाली, 'गिव्ह अस द सर्टिफिकेट' चालतं मग हे का नाही? कारण सांगताना अडचण आली.
— एक शिक्षिका, आर्वी

उत्तर : चूक दिलीत ते बरोबरच. अशी वाक्यं कार्यालयीन पत्रांतही सापडतात, म्हणून मुलांना ती ओळखीची वाटतात, पण परीक्षेत आणि चांगल्या लेखनात ती टाळावीत.

कारण समजवायला कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घ्या. मराठीत आपण दोन तऱ्हांनी बोलतो : 'बंडीत कापूस भरला' आणि 'बंडी कापसानं भरली'. काम एकच, पण पहिल्या वाक्यात कापूस पुढे आहे, दुसऱ्यात बंडी. बंडी पुढे आली की कापसाला 'नं' लावावा लागतो. 'बंडी कापूस भरली' असं कोणी म्हणत नाही. 'फर्निश'चंही तसंच आहे. वस्तू पुढे असेल तर 'फर्निश द सर्टिफिकेट टू अस'. माणूस पुढे असेल तर 'फर्निश अस विद द सर्टिफिकेट'. हा 'विद' म्हणजे आपल्या कापसाचा 'नं', तो गाळला की वाक्य लंगडं होतं. 'गिव्ह' आणि 'सेंड' ही क्रियापदं मात्र आपल्या 'देणे', 'पाठवणे'सारखी आहेत, त्यांना माणूस आणि वस्तू शेजारीशेजारी चालतात. 'सप्लाय' आणि 'प्रोव्हाइड' 'फर्निश'च्या बाजूला बसतात, म्हणून तीन शब्द एकदमच शिकवून टाका.

दुसरी नेहमीची चूक उलट्या दिशेची असते, 'आय फर्निश्ड द डॉक्युमेंट्स विद द बँक'. 'विद'नंतर जो देतो तो किंवा ज्याला देतो तो येत नाही, दिलेली वस्तू येते. बँकेच्या आधी 'टू' हवा.

कोणाला द्यायचं ते सांगायचं नसेल तर 'फर्निश द डिटेल्स' एवढं पुरतं. या शब्दासोबत येणारी नामंही ठरलेली आहेत : माहिती, तपशील, कागद, प्रत, पुरावा, खुलासा, कारणं, जामीन, विवरणपत्र. फळ्यावर ही यादी लिहून मुलांना वाक्यं करायला लावली तर शब्द अंगवळणी पडतो. फक्त बोलताना वापरू देऊ नका. घरी आलेल्या मामाला पाणी देताना 'फर्निश' म्हटलं तर मामा हसेल, तिथे 'गिव्ह'च. शब्द कागदावरचा आहे, ओसरीवरचा नाही.

आणखी एक, वरच्या वर्गाला आवडेल असं. शेवटचा 'इश' हा 'चाइल्डिश'मधला 'इश' नाही. 'फिनिश', 'पनिश', 'पॉलिश', 'नरिश', 'अबॉलिश' ही सगळी क्रियापदं फ्रेंचमधून येताना हीच शेपटी घेऊन आली. 'चाइल्डिश'मधला 'इश' इंग्रजीचा स्वतःचा आहे आणि तो विशेषणं करतो. शेपटी सारखी दिसली तरी जात वेगळी.

प्रश्न : भरतीच्या पत्रात एकाच पानावर 'सबमिट', 'प्रोड्यूस' आणि 'फर्निश' तिन्ही आहेत. तिन्हीचा अर्थ देणेच ना?
— एक उमेदवार, चिमूर

उत्तर : नाही, आणि इथे गल्लत केली तर मूळ दाखले हातचे जाऊ शकतात.

'प्रोड्यूस' म्हणजे काढून दाखवणं. 'प्रोड्यूस ओरिजिनल सर्टिफिकेट्स अॅट द टाइम ऑफ व्हेरिफिकेशन' असं असेल तर मूळ दाखले घेऊन जायचे, टेबलावर दाखवायचे आणि परत घरी आणायचे. पडताळणीला आलेल्या माणसाने मूळ दाखला ठेवून घेतला तर पावती मागा. 'सबमिट' म्हणजे निर्णय घेणाऱ्याच्या पुढे जमा करणं, ते तिथेच राहतं. अर्ज 'सबमिट' होतो, प्रतींचा संच 'सबमिट' होतो. 'फर्निश' म्हणजे त्यांनी मागितलेली, त्यांच्या फाइलमध्ये कमी असलेली गोष्ट पुरवणं. म्हणून जात वैधतेचा तपशील, चारित्र्याविषयीचं प्रतिज्ञापत्र, आधीच्या नोकरीची माहिती यांच्या आधी बहुधा 'फर्निश' असतं. कार्यालयं 'सबमिट' आणि 'फर्निश' सरमिसळ वापरतात हे खरं, त्यांच्यातला फरक हलकासा आहे. 'प्रोड्यूस' मात्र वेगळाच धरा.

'फाइल' हा चौथा गडी. तो अधिकृत नोंद करणं सांगतो : अपील, दावा, विवरणपत्र. प्राप्तिकराच्या विवरणपत्राला सगळे 'फाइल करणं' म्हणतात, पण १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३९ मध्ये शब्द 'फर्निश'च होता. आपण मराठीत 'रिटर्न भरला' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं पैसे भरले. रिटर्न हा उत्पन्नाचा तपशील आहे, कर शून्य असला तरी तो देता येतो. ट्रॅक्टरच्या कर्जाला बँक जो 'आयटीआर' मागते तो हाच.

प्रश्न : माझ्या भाच्याच्या जामिनाच्या आदेशात 'ऑन फर्निशिंग पीआर बाँड ऑफ रुपीज फिफ्टीन थाउजंड विद वन सॉल्व्हंट शुअर्टी इन द लाइक अमाउंट' असं आहे. आम्ही १५ हजार रोख जमवून ठेवले. ते कुठे भरायचे?
— एक वाचक, मेहकर

उत्तर : थांबा, या वाक्यात रोख भरायला सांगितलेलं नाही.

'पीआर बाँड' म्हणजे भाच्याने स्वतः लिहून द्यायचा जातमुचलका : बोलावलं तेव्हा हजर राहीन, न राहिल्यास १५ हजार देईन. 'सॉल्व्हंट शुअर्टी' म्हणजे ऐपत असलेला एक जामीनदार, म्हणजे माणूस. 'इन द लाइक अमाउंट' म्हणजे त्याचीही हमी तेवढ्याच रकमेची. इथे 'फर्निश'ची कर्मं दोन आहेत, एक कागद आणि एक माणूस. आज पैसे द्यायचे नाहीत. भाचा तारखेला गैरहजर राहिला आणि बंधपत्र जप्त झालं, तर मात्र जामीनदाराकडून ती रक्कम वसूल होऊ शकते. ज्याला उभं करायचं त्याला ही गोष्ट आधी समजावून सांगा, नुसतं 'चल, सही कर' म्हणून नेऊ नका.

जामीनदाराकडे ओळखपत्र, फोटो आणि ऐपतीचा पुरावा लागतो : त्याच्या नावचा सात-बारा, घरकराची पावती किंवा पगारपत्रक. काही ठिकाणी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात. त्या न्यायालयात नेमकं काय चालतं ते वकिलाला विचारूनच निघा, म्हणजे तालुक्याची दुसरी चक्कर वाचेल. सात-बारावर पाच हिस्सेदारांची नावं असतील तर अडचण येते, ज्याचा स्वतंत्र उतारा आहे असा माणूस बरा.

रोख हवी असेल तर आदेशात 'कॅश सिक्युरिटी' किंवा 'डिपॉझिट' हा शब्द असतो. जामीनदार मिळेपर्यंत तात्पुरती रोख घेऊन सोडावं असा अर्ज वकील करू शकतो, पण ती वेगळी परवानगी आहे.

गुन्हा जामीनपात्र असेल आणि गरिबीमुळे जामीनदार देताच येत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७८ सांगा. अशा माणसाला नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचं आहे, आणि अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही तर तो गरीब आहे असं धरायला ते पुरेसं कारण आहे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

प्रश्न : पोरीसाठी अमरावतीला खोली पाहिली. पाटीवर 'सेमी फर्निश्ड' लिहिलं होतं, आत नुसता पंखा. हे बरोबर आहे का?
— एक पालक, धारणी

उत्तर : कायद्यात याची व्याख्या नाही, त्यामुळे मालक काहीही लिहितो. सर्वसाधारणपणे 'फर्निश्ड'मध्ये पलंग, गादी, कपाट, टेबल-खुर्ची धरतात, 'सेमी'मध्ये पंखे, दिवे, ओटा आणि फार तर भिंतीतलं कपाट. शब्दावर भांडू नका. करारनाम्याच्या शेवटी सामानाची यादी लिहून घ्या, 'पंखा १, ट्यूबलाइट २' अशी, चालू-बंद स्थितीसह. खोली सोडताना अनामत रक्कम याच यादीवरून कापली जाते. बाजारात 'फर्निशिंग' अशी पाटी दिसली तर ते पडदे, चादरी, गादीच्या कापडाचं दुकान, तिथे पलंग मिळणार नाही.

प्रश्न : अनुदानाच्या फॉर्मखाली 'द इन्फर्मेशन फर्निश्ड अबव्ह इज ट्रू टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ' यावर सही केली. नंतर कळलं, क्षेत्र चुकीचं लिहिलं. आता गुन्हा होतो का?
— एक संत्रा बागायतदार, वरुड

उत्तर : 'वर दिलेली माहिती माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरी आहे' असं ते वाक्य. इथे 'फर्निश्ड' हे भूतकाळाचं रूप नसून विशेषणासारखं आहे, 'दिलेली'.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २१२ मध्ये खोटी माहिती पुरवण्याचा गुन्हा आहे आणि तिथेही शब्द 'फर्निश'च आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण अट अशी की माहिती देणाऱ्याला ती खोटी असल्याचं ठाऊक हवं किंवा तसं मानायला त्याच्याकडे कारण हवं. नजरचूक त्यात बसत नाही. मात्र चूक कळल्यावर गप्प बसलात तर 'ठाऊक नव्हतं' हे म्हणणं कमजोर होत जातं.

तुमच्या पत्रातले आकडे पाहता चूक कोणती झाली ते दिसतं. सात-बारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये २.४० आहे आणि तुम्ही हेक्टरच्या रकान्यात ५.९३ लिहिलं. ते एकर आहेत. १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर. २४० भागिले ४०.४७ केलं की ५.९३ येतं. बोलताना आपण एकरातच बोलतो, त्यामुळे ही चूक फार होते.

आजच एक अर्ज द्या : फॉर्मचा क्रमांक, कोणत्या रकान्यात काय लिहिलं, बरोबर काय, सोबत सात-बाराची प्रत. इंग्रजीत हवं असेल तर : 'द एरिया फर्निश्ड इन माय अॅप्लिकेशन वॉज इन एकर्स बाय मिस्टेक. द करेक्ट एरिया इज २.४० हेक्टर्स.' पोच घ्या. जुन्या फॉर्मवर खाडाखोड करायला कोणी सांगितलं तरी करू नका.

प्रश्न : माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजीत 'काइंडली फर्निश' लिहून दिला तर लवकर उत्तर मिळते असं सेतूवाला म्हणते. खरं का?
— एक वाचक, आमगाव

उत्तर : नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज राज्याच्या राजभाषेतही करता येतो, आपल्याकडे ती मराठी. भाषा कोणतीही असो, उत्तराची मुदत ३० दिवसच. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तोही नको, फक्त दाखल्याची प्रत जोडा. 'माहिती द्यावी'पेक्षा 'अमुक नोंदवहीच्या अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या पानांच्या प्रती द्याव्यात' असं लिहिलं तर टोलवाटोलवीला जागा कमी राहते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय घ्यावा लागतो आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो.  'काइंडली फर्निश' लिहिलं तर तेही त्यातच मोजलं जातं.